पायोग्लिटाझोन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांसाठी सूचना

पायोग्लिटाझोन हे प्रकार २ मधुमेहावरील औषध मुख्यतः चरबीच्या पेशींवर कार्य करते. त्याच्या प्रभावाने या पेशींत लायपोप्रोटीन लायपेजसारखी विकरे अधिक प्रमाणात तयार होतात आणि रक्तातील स्निग्धांश त्वचेखालील चरबीत साठविला जातो. यकृत व स्नायूंवरील स्निग्धांशाचा भार त्यामुळे हलका होतो, इन्सुलिन अधिक परिणामकारक ठरते व रक्तशर्करा उतरते. हा बदल सावकाश घडतो. पूर्ण परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. म्हणून मात्रा स्वतःहून वाढवू नये.

या औषधाने वजन वाढू शकते, तसेच शरीरात पाणी साठू शकते. हृदय कमकुवत असल्यास ते धोकादायक ठरते.

मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शक्यतेमुळे केंद्र शासनाने जून २०१३ मध्ये या औषधाची विक्री स्थगित केली होती. ठळक इशारा छापण्याच्या अटीवर ३१ जुलै २०१३ रोजी ती स्थगिती उठविण्यात आली.

पुढील लक्षणे आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे :
• पायांवर सूज, धाप लागणे
• अल्पावधीत वजन वाढणे
• लघवीतून रक्त जाणे, लघवीस जळजळ

हृदयविकार किंवा मूत्राशयाचा कर्करोग पूर्वी झाला असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. दिल्लीतील रुग्णांनी सफदरजंग अथवा डॉ. राम मनोहर लोहिया रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाताना चालू औषधांची वेष्टने सोबत न्यावीत. लक्षणे नसताना औषध परस्पर बंद करू नये. रक्तशर्करा पुन्हा वाढू शकते.