हवेची साखर

उसाला पाणी किती लागतं यावर आपल्याकडे इतकी भांडणं झाली आहेत की ऊस मुळात कशाचा बनतो, हे विचारायचं राहूनच गेलं. शेतकरी सांगेल, माती, पाणी आणि खत. ते खोटं नाही. पण ऊस पूर्ण वाळवून वजन केलं तर त्यातला निम्म्याच्या जवळपास भाग कार्बन निघतो, आणि तो मातीतून आलेला नसतो. तो हवेतला असतो.

हवेत तो असतो तरी किती? दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ४२५. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घेतली आणि तिच्यातला सगळा कार्बन डायऑक्साइड गोळा केला, तर भरेल जेमतेम २१ ग्रॅम. त्याची साखर होईल १४ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे. किलोभर साखरेला अशा सत्तरेक खोल्यांतली हवा निपटून घ्यावी लागेल. आता एकरी ४० टन ऊस आणि दहा-अकरा टक्के उतारा धरा. चार टनांच्या वर साखर झाली. चिपाड, पाचट, वाढं, मुळं यांचा हिशेब वेगळाच.

एवढ्या विरळ मालातून एवढी कमाई बहुतेक पिकांना जमत नाही. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा आत येते आणि रुबिस्को नावाचं विकर त्यातला कार्बन पकडून साखरेच्या वाटेला लावतं. हे विकर संथ आहे आणि धांदरटही. कार्बन डायऑक्साइडऐवजी ते पुष्कळदा ऑक्सिजनच धरून बसतं. मग झाडाला हाती आलेला कार्बन परत सोडावा लागतो. ऊन वाढलं की ही चूक वाढते. भात, गहू, सोयाबीन यांना हा तोटा मुकाट सोसावा लागतो.

ऊस सोसत नाही, हे कळलं ते हवाई बेटांवर. कॅलिफोर्नियात मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून शेवाळातली साखरेची वाट शोधली होती. १९६१ साली कॅल्विनना त्याबद्दल नोबेल मिळालं. त्या वाटेवर पहिला पदार्थ तीन कार्बनांचा होता. हवाईतल्या ऊस बागायतदारांच्या प्रयोगशाळेत ह्यूगो कोर्टशाक, कॉन्स्टन्स हार्ट आणि जॉर्ज बर यांनी तोच प्रयोग उसाच्या पानावर केला, तर आधी चार कार्बनांची आम्लं निघाली. हे त्यांनी १९६५ साली छापलं. पुढच्याच वर्षी ब्रिस्बेनमध्ये, एका साखर कंपनीच्याच प्रयोगशाळेत, मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी त्याचा उलगडा केला. उसाच्या पानात दोन थर कामाला असतात. बाहेरच्या पेशीतलं दुसरंच एक विकर कार्बन पकडतं. त्याला ऑक्सिजनची भूल पडत नाही. पकडलेला कार्बन चार कार्बनांच्या आम्लात बांधून शिरांभोवतीच्या आतल्या पेशींत पोचवला जातो आणि तिथे रुबिस्कोपुढे मोकळा केला जातो. भोवती कार्बन डायऑक्साइडची एवढी गर्दी असली की रुबिस्कोला चुकायला फारसा वाव उरत नाही. ज्वारी, बाजरी आणि मका याच पंथातले.

या फरकाची खूण कार्बनच्या अणूंवरही उरते. कार्बनचा थोडा जड, तेरा वस्तुमानाचा भाऊ उसात जास्त सापडतो, फुलझाडांच्या मकरंदात कमी. मधात उसाची साखर घातली की प्रयोगशाळेत ती चोरी यावरूनच पकडली जाते. तांदळाचा पाक घातला तर मात्र ही चाचणी आंधळी. भेसळवाल्यांनाही विज्ञान कळतं.

हवाईतच, मौना लोआच्या उतारावर, चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा आकडा ३१३च्या आसपास होता. दर वर्षी मे महिन्यात तो शिगेला जातो, उत्तरेकडची जंगलं पालवली की सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत सहा-सात अंकांनी उतरतो, पानं गळून कुजली की पुन्हा चढतो. जमिनीवरच्या वनस्पती वर्षाला साधारण १२० अब्ज टन कार्बन हवेतून घेतात आणि जवळपास तेवढाच परत जातो. आपण कोळसा, तेल, वायू जाळून वर्षाला सुमारे १० अब्ज टन वर टाकतो. त्यातलं निम्मं झाडं आणि समुद्र रिचवतात, निम्मं हवेत साचतं.

म्हणून ‘ऊस हवा शुद्ध करतो’ हे ऐकलं की मी पुढचा प्रश्न विचारतो: घेतलेला कार्बन थांबतो किती दिवस? चिपाड त्याच हंगामात बॉयलरमध्ये किंवा गुऱ्हाळाच्या चुलवाणात जळतं. चहातली साखर काही तासांत आपल्या उच्छ्वासातून बाहेर पडते. इथेनॉल करायला घेतलं तर साखरेतला एक तृतीयांश कार्बन टाकीतच बुडबुडे होऊन उडतो, उरलेला गाडीच्या धुरातून. हा कार्बन अलीकडेच हवेतून घेतलेला, तेव्हा त्याचा बोजा वाढत नाही, हे खरं. पण पंपाची वीज बहुतांशी कोळशाची आणि युरिया नैसर्गिक वायूचा, हेही तितकंच खरं.

थांबायची जागा एकच, माती. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्बाचा रकाना असतो. तिथे ०.४ टक्क्याच्या आतला आकडा म्हणजे कमी. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, आणि तोड झाली की पुष्कळ ठिकाणी काडी लावली जाते. वर्षभर पानांनी जमवलेलं अर्ध्या तासात वर जातं.

पाचट कुजायला नत्र लागतं, कारण त्यात कार्बन भरपूर आणि नत्र नावापुरतं. जिवाणू ते जमिनीतून ओढतात आणि पीक पिवळं पडतं. म्हणून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन, अशी कृषी खात्याची शिफारस आहे. कुजल्यावरही बराचसा कार्बन हवेतच परततो, थोडा मातीत राहतो. तो थोडाही चालेल. यंदाच्या खोडव्यात पाचट सरीत पसरा आणि काडी खिशातच ठेवा.