चर्चचे छप्पर आणि कलेचे स्वातंत्र्य

३० मे १९६८ रोजी पूर्व जर्मनीतील लाइपझिग शहरात विद्यापीठाचे सेंट पॉल चर्च सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावातून ते जवळजवळ सुखरूप बचावले होते. मार्टिन ल्यूथर आणि संगीतकार बाख यांच्या स्मृती जपणारी ही वास्तू समाजवादी चौकाच्या नव्या आराखड्यात बसत नव्हती, एवढाच तिचा अपराध! तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दर्शनी भागावर कार्ल मार्क्सचा मुखवटा असलेले, सुमारे ३३ टन वजनाचे ब्राँझचे उत्थितशिल्प बसविण्यात आले. कलेने कोणाची सेवा करावी, हे यापुढे राज्यसंस्थाच ठरवील, याची ती धातूत ओतलेली ग्वाही होती.

कलेला राजाश्रय हवा की लोकाश्रय, हा वाद आपल्या परिचयाचा आहे. पूर्व जर्मनीत राजाश्रय मुबलक होता आणि लोकाश्रयही नव्हता असे नाही. परंतु लोकांपर्यंत पोहोचणारी प्रत्येक वाट सरकारी नाक्यावरून जात होती. प्रकाशनगृहे, सभागृहे, कलादालने सारी राज्याच्या ताब्यात. गायकाला गाण्यासाठीही परवाना लागे. पक्षाच्या थेट नियंत्रणाबाहेर राहिलेली मोठी संस्था एकच होती, ती म्हणजे चर्च. मार्च १९७८ मध्ये होनेकर यांनी चर्चच्या नेत्यांशी बोलणी करून तिच्या या मर्यादित स्वायत्ततेला एक प्रकारे मान्यताच दिली.

त्यापूर्वीच या छपराखाली कलावंत येऊ लागले होते. वोल्फ बियरमान हा काही भाविक नव्हे, तो निष्ठावंत साम्यवादी. तरीही १९६५ पासून त्याच्या जाहीर गायनावर बंदी होती. सप्टेंबर १९७६ मध्ये प्रेन्झलाउ येथील चर्चमध्ये तो गायला; नोव्हेंबरमध्ये पश्चिम जर्मनीच्या दौऱ्यावर असताना त्याचे नागरिकत्वच हिरावून घेण्यात आले. स्टेफान क्राव्चिक या गायकाला १९८५ मध्ये व्यवसायबंदी झाली, तेव्हा चर्च हेच त्याचे रंगपीठ बनले. १९८८ च्या आरंभी त्याला अटक होऊन देशाबाहेर धाडण्यात आले.

याहून मार्मिक कथा आहे ती एका बोधचिन्हाची. तलवार ठोकून नांगराचा फाळ घडविणाऱ्या पुरुषाचे शिल्प येवगेनी वुचेतिच या सोव्हिएत शिल्पकाराने घडविले आणि १९५९ मध्ये सोव्हिएत संघाने ते संयुक्त राष्ट्रसंघाला भेट दिले. कल्पना मूळची बायबलातील मीखा या संदेष्ट्याची. १९८० मध्ये चर्चच्या शांतता-कार्यकर्त्यांनी या शिल्पाचे रेखाचित्र कापडावर उमटविले. कागदावर छापण्यास परवाना लागे, कापडावरील छपाई मात्र वस्त्रप्रक्रियेत मोडे! तरुणांनी ते चिन्ह बाहीवर शिवताच राज्यकर्ते अस्वस्थ झाले आणि १९८२ मध्ये ते धारण करणाऱ्यांवर कारवाई सुरू झाली. समाजवादाच्या मायदेशाने जगाला दिलेली कलाकृती समाजवादी राज्यातच आक्षेपार्ह ठरली! चिन्ह काढावे लागले, तेव्हा काहींनी त्या जागी गोल भोक तसेच मिरविले.

म्हणून चर्चला कलेचा तारणहार ठरविणे मात्र भाबडेपणाचे होईल. सरकारशी जमलेला समझोता बिघडेल या भीतीने अनेक धर्माधिकारी कचरत होते; काही धर्मोपदेशक तर गुप्त पोलिसांचे खबरे निघाले. शिवाय आश्रयदाता कोणीही असो, आश्रिताला त्याची मर्जी थोडीफार सांभाळावीच लागते.

१९९० मध्ये ते राज्य इतिहासजमा झाले आणि पुढे कालांतराने लाइपझिगचे ते ब्राँझशिल्पही मूळ जागेवरून हलविण्यात आले. या इतिहासाचे मर्म क्रुसात नाही, छपराच्या स्वतंत्र मालकीत आहे. बियरमानला प्रार्थना नको होती, राज्याच्या हाती किल्ली नसलेला एक दरवाजा हवा होता. राज्यकर्ते उदार असले म्हणजे कला सुरक्षित राहते, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. औदार्य केव्हाही आटू शकते. समाजात निरनिराळ्या हातांतील, एकमेकांच्या आज्ञेत नसलेली अनेक दारे असणे, हीच कलेच्या स्वातंत्र्याची खरी हमी होय.