‘विचकल्ट टुडे’ : डूम मेटलमधील गूढविद्या आणि ध्वनीचा भूतकाळ

प्रास्ताविक

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा विचार आपल्याकडील विद्याशाखीय लेखनात अभावानेच आढळतो. त्यातही ‘हेवी मेटल’ म्हटले की गोंगाट आणि सैतानपूजा या दोन शब्दांतच विषय आटोपला जातो. प्रस्तुत लेखात ‘इलेक्ट्रिक विझर्ड’ या इंग्लिश वाद्यवृंदाच्या ‘विचकल्ट टुडे’ (२००७) या ध्वनिमुद्रिकेचा परामर्श घेतला आहे. ही ध्वनिमुद्रिका निवडण्याचे कारण तिच्या शीर्षकात आहे. विद्वानांनी केव्हाच निकालात काढलेला एक सिद्धांत तेथे पुन्हा जिवंत झालेला दिसतो, आणि हा प्रश्न केवळ संगीतापुरता राहत नाही.

पूर्वपीठिका

डूम मेटलचा उगम ‘ब्लॅक सॅबथ’ या बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदात शोधला जातो. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाली. गिटारवादक टोनी आयोमी हा सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असताना त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. बोटांना प्लास्टिकच्या टोप्या लावून तो वाजवू लागला. पुढे ताण कमी व्हावा म्हणून त्याने तारा सैल केल्या आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’मध्ये स्वर दीड पायरी खाली उतरला. ज्याला आज आपण या शैलीचे ‘जडत्व’ म्हणतो, त्याचा एक धागा असा कारखान्यातील अपघातापर्यंत पोहोचतो.

या संगीतातील भयसूचक स्वरांतराविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. ‘ट्रायटोन’ म्हणजे आपल्या परिभाषेत षड्ज ते तीव्र मध्यम हे अंतर. मध्ययुगीन चर्चने त्यावर बंदी घातली होती ही कथा वारंवार सांगितली जाते, परंतु तिला आधार नाही. ‘संगीतातील सैतान’ हा शब्दप्रयोग अठराव्या शतकाच्या आरंभी संगीतशास्त्राच्या ग्रंथांत दिसतो. यमनच्या श्रोत्याला तर तीव्र मध्यमात भीती वाटण्याचे कारणच नाही. अशुभाचा अर्थ त्या स्वराला संदर्भाने येतो.

‘इलेक्ट्रिक विझर्ड’ची स्थापना १९९३ साली डॉर्सेट परगण्यात झाली. ब्लॅक सॅबथच्याच दोन गीतांच्या शीर्षकांतून त्यांनी आपले नाव घेतले. ‘डोपथ्रोन’ (२००० ) ही त्यांची कृती आवाजाच्या निबिड, गढूळ भिंतीसारखी आहे. ‘विचकल्ट टुडे’ तिच्या तुलनेत अधिक मोकळी व सुरेल वाटते.

शीर्षकाचा इतिहास

‘विच-कल्ट’ हा शब्द मार्गारेट मरे यांच्या ‘द विच-कल्ट इन वेस्टर्न युरोप’ (१९२१) या ग्रंथाने रूढ केला. मरे यांचा जन्म १८६३ चा, कलकत्त्याचा. त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये इजिप्तविद्येच्या अध्यापक होत्या. युरोपात चेटकीण ठरवून ज्यांना मारले गेले, ते लोक ख्रिस्तपूर्व काळातील एका संघटित धर्माचे अनुयायी होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. खटल्यांतील कबुलीजबाब हा त्यांचा मुख्य पुरावा.

हे प्रतिपादन टिकले नाही. नॉर्मन कोहन यांनी १९७५ साली मूळ कागदपत्रे ताडून पाहिली, तेव्हा असे दिसले की मरे यांनी उद्धृतांतील हवेतून उडणे, प्राण्याचे रूप घेणे यांसारखे अशक्य तपशील वगळून उरलेला भाग सत्य घटनेसारखा मांडला होता. यातनांखाली वा यातनांच्या भीतीने दिलेल्या अनेक कबुलींतून त्यांनी एक धर्म उभा केला होता. तथापि १९२९ साली त्यांनी ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’साठी लिहिलेली चेटूकविषयक नोंद सुमारे चाळीस वर्षे छापली जात राहिली. संदर्भग्रंथावर विसंबून राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या गोष्टीकडे जरा थांबून पाहावे. जेराल्ड गार्डनर यांच्या ‘विचक्राफ्ट टुडे’ (१९५४) या पुस्तकालाही मरे यांचीच प्रस्तावना आहे. १९५१ साली ब्रिटनमधील १७३५ चा चेटूकविरोधी कायदा रद्द झाल्यानंतर तीन वर्षांनी ते आले आणि आधुनिक ‘विक्का’ पंथाला त्यातून चालना मिळाली. इलेक्ट्रिक विझर्डचे शीर्षक वाचताना ही दोन्ही पुस्तके एकदम आठवतात.

ध्वनिमुद्रणाची पद्धत

ध्वनिमुद्रण लंडनच्या हॅक्नी भागातील ‘टो रॅग’ स्टुडिओत लियाम वॉटसन यांनी केले. हा स्टुडिओ जुन्या यंत्रसामग्रीसाठी ख्यातनाम आहे. ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ची ‘एलिफंट’ (२००३) येथेच आठ ट्रॅकांच्या फितीवर मुद्रित झाली होती.

चुंबकीय फितीवर आवाज मर्यादेबाहेर गेला तर तरंगाची टोके हळूहळू गोलावतात आणि काही अधिकचे उपस्वर मिसळतात. संगणकीय मुद्रणात मर्यादा ओलांडली की टोक सपाट कापले जाते व आवाज कर्कश होतो. गिटारच्या ‘फझ’ला त्यामुळे फितीवर एक ऊब येते. ट्रॅकांची संख्या मोजकी असली की निर्णय वाजवतानाच घ्यावे लागतात; ड्रमच्या प्रत्येक भागाला वेगळा ट्रॅक देऊन नंतर तो दुरुस्त करता येत नाही. एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये झिरपतो आणि खोलीच ऐकू येते. सर्वाधिक मोठ्या आवाजाची स्पर्धा चालू असलेल्या त्या दशकात ही पद्धत स्वीकारणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध जाणे होते.

परंतु ही ध्वनिमुद्रिका म्हणजे १९७० ची प्रतिकृती नव्हे. ब्लॅक सॅबथच्या आरंभीच्या गीतांत लय वारंवार बदलते आणि ड्रमवादनात जॅझची चपळाई आहे. येथे तोच एक स्वरसमूह दीर्घकाळ, जवळजवळ जपासारखा, फिरत राहतो. उपकरणे जुनी असली तरी कालाची जाणीव मागाहूनची आहे.

आशय

आठ रचनांपैकी ‘डनविच’चे नाव एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या १९२९ च्या कथेतून, तर ‘सॅटनिक राइट्स ऑफ ड्रग्युला’चे नाव हॅमर कंपनीच्या ड्रॅक्युला चित्रपटावरून आले आहे. अकरा मिनिटांच्या आसपास चालणाऱ्या एका रचनेत फ्रेंच दिग्दर्शक जाँ रोलाँ यांच्या १९७१ च्या चित्रपटाचे नाव येते. म्हणजे या संगीतातील गूढविद्या प्रत्यक्ष उपासनेतून आलेली नाही. ती स्वस्त मासिके आणि भयपट यांतून आलेली आहे. सैतानपूजेच्या प्रचाराचा आरोप करणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

आक्षेप घ्यायचाच, तर तो वेगळा आहे. ‘तोर्केमादा ’७१’ या गीताच्या शीर्षकात पंधराव्या शतकातील स्पॅनिश धर्मन्यायाधीश आणि भयपटांचे दशक एकत्र येतात. छळ हा शृंगारिक रंगाचा देखावा बनतो. चेटकाच्या आरोपावरून युरोपात सुमारे चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्या कोणत्याही गुप्त पंथाच्या नव्हत्या. मरे यांनी त्यांना मरणोत्तर एक धर्म दिला. या वाद्यवृंदाने त्या धर्माला संगीत दिले. प्रस्तुत लेखकाच्या मते कलाकृती म्हणून हे संगीत समर्थ आहे. पण ते ऐकताना ज्यांच्या नावाने हा पंथ रचला गेला, त्यांचा स्वर त्यात नाही, हे जाणवत राहते.

‘राइज अबव्ह’ या ज्या संस्थेने ही ध्वनिमुद्रिका काढली, तिनेच पुढे टोरंटोच्या ‘ब्लड सेरेमनी’ची बासरीयुक्त पहिली ध्वनिमुद्रिका (२००८) आणि स्वीडनच्या ‘घोस्ट’ची ‘ओपस एपोनिमस’ (२०१०) प्रसिद्ध केली. २०१६ साली ‘घोस्ट’ला मेटल विभागातील ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तेव्हा हे एकेकाळचे कोपऱ्यातले संगीत बऱ्याच मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचले होते.