देवापुढे धरलेला ताल

ख्रिस्ती उपासना म्हटली की ओळीने मांडलेले बाक, टेकलेले गुडघे आणि संथ गायन आठवतं. बायबलमधला आनंद मात्र असा बसून राहत नाही. तांबडा समुद्र पार होताच मिर्याम डफ हाती घेते आणि साऱ्या बायका तिच्यामागे नाचत निघतात. कराराचा कोश यरुशलेमात आणताना दावीद राजा देहभान हरपून नाचतो. खिडकीतून पाहणाऱ्या मीखलला, त्याच्या पत्नीला, हे राजाला अशोभनीय वाटतं. आपण परमेश्वरापुढे नाचलो, एवढंच दावीद सांगतो. हा वाद पुढे चर्चमध्येही चालत राहिला.

इ.स. 589 मध्ये तोलेदोच्या धर्मपरिषदेने संतांच्या सणांतल्या नाचाला मनाई केली. जुन्या जत्रांचा धिंगाणा उपासनेत शिरेल, ही धास्ती अगदीच निराधार नव्हती. तरीही त्याच स्पेनमध्ये, सेव्हिलच्या कॅथीड्रलमध्ये, ख्रिस्तशरीराच्या सणाला मुलं आजही वेदीपुढे नाचतात.

लक्झेंबर्गमधल्या एख्टरनाख गावात पेंटेकॉस्टनंतरच्या मंगळवारी निघणारी यात्रा तर नाचतच चालते. पांढरे सदरे घातलेली माणसं ओळी करतात. हात हातात नसतात. दोघांमध्ये पांढऱ्या रुमालाची टोकं धरलेली असतात. बँडवर एकच चाल पुन्हा पुन्हा वाजते. डावीकडे एक उडी, उजवीकडे एक उडी, असं करत ओळ थेट बॅसिलिकात, संत विलिब्रॉर्डच्या समाधीपाशी पोहोचते. 2010 मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद घेतली.

दावीदाचा नाच सर्वांत जवळून दिसतो तो इथिओपियात. तिथल्या प्रत्येक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये कराराच्या कोशाचं प्रतीक असलेला ‘ताबोत’ जपलेला असतो. जानेवारीतल्या तिमकत सणात तो भरजरी वस्त्रात गुंडाळून बाहेर काढतात. त्याच्यापुढे धर्मसेवक उंच काठ्या आणि खुळखुळणारी सिस्त्रम घेऊन ढोलाच्या ठेक्यावर डुलत पावलं टाकतात. काँगोतही, रोमने 1988 मध्ये मान्य केलेल्या मिस्साविधीत, महिमागीताच्या वेळी धर्मगुरू आणि सेवक वेदीभोवती नाचतात.

भारतात केरळच्या मार्गमकळीत बारा जण दिव्याभोवती फेर धरून संत थॉमसची कथा गातात. दिवा म्हणजे ख्रिस्त, भोवतीचे बारा त्याचे शिष्य, असं मानलं जातं. समाधी असो, ताबोत, वेदी की दिवा, या साऱ्या नाचांची तोंडं एका पवित्र केंद्राकडे वळलेली आहेत. मीखलच्या आक्षेपाला खरं उत्तर हेच आहे. प्रश्न शोभण्याचा नाही, नाच कुणासाठी आहे याचा आहे.

मराठी ख्रिस्ती समाजात लग्नाच्या बँडवर सारं घर नाचतं. चर्चच्या उंबरठ्यावर मात्र पाय थबकतात. कवी ना. वा. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन ख्रिस्ताच्या चरणी आणून आपल्याला वाट करून दिली आहे. टाळाबरोबर पाऊल उचलणं या मातीला शिकवावं लागत नाही. शिवाय येशूने उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बापाच्या घरी वाद्यं आणि नाच ठेवला, आणि त्या आवाजाने रुसून बाहेर राहिलेल्या थोरल्याची समजूत काढायला बापालाच पाठवलं. म्हणून नाताळच्या, पुनरुत्थानाच्या सणाला आपल्या मंडळ्यांनी उपासनेतच फेर धरावा. तारण झाल्याची कृतज्ञता तोंडाने गायची आणि पायांनी मात्र नाकारायची, याला कारण उरत नाही.