मुंबईत मंजूर, नंदुरबारात खोळंबा

अमेरिकेतलं इलिनॉय राज्य जुलै २०१५ पासून दोन वर्षं अर्थसंकल्पाविना चाललं. महाराष्ट्रात तसं होणं जवळपास अशक्य. विधानसभेत अर्थसंकल्पच पडला तर सरकारही पडलं म्हणून समजा. विधान परिषद धन विधेयक चौदा दिवसांपलीकडे रोखू शकत नाही. वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविनाच मताला टाकतात. मार्च २०१७ मध्ये विरोधकांनी कर्जमाफीसाठी अर्थमंत्र्यांच्या भाषणात गोंधळ घातला, १९ आमदार निलंबित झाले. अर्थसंकल्प मंजूर झालाच.

अडतं ते खाली, जिल्हा नियोजन समितीत. कागदावर नाव बदललं तरी लोकांच्या तोंडी ती अजून ‘डीपीडीसी’च. तिचा कायदा १९९८ चा, आणि धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हाही त्याच वर्षीचा. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना अशा तीन वाटांनी पैसा येतो. इथे वजन तिसरीचं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातले दहापैकी जवळपास सात जण आदिवासी होते आणि विधानसभेच्या चारही जागा राखीव आहेत. सुकथनकर समितीच्या शिफारशींनंतर १९९३-९४ पासून आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे नऊ टक्के, नियतव्यय बाजूला काढण्याचं सूत्र आलं. पण नियतव्यय ठरला म्हणजे रस्ता झाला, असं नाही. बैठक, इतिवृत्त, प्रशासकीय मान्यता, निविदा. यातली एक कडी निसटली की मार्चअखेर डोक्यावर.

२०२२ मध्ये नेमकं तेच झालं. ११ मार्चला अजित पवारांनी मांडलेला अर्थसंकल्प बिनबोभाट पार पडला. जूनअखेर सरकार बदललं. ४ जुलैच्या आदेशाने, १ एप्रिलपासून राज्यभरच्या नियोजन समित्यांनी मान्य केलेल्या कामांना स्थगिती मिळाली. नवे पालकमंत्री येऊन फेरविचार करतील, असं ठरलं. ते नेमले गेले २४ सप्टेंबरला. नंदुरबारचं पालकमंत्रिपद के. सी. पाडवींकडून विजयकुमार गावितांकडे गेलं. एक काँग्रेसचे, दुसरे भाजपचे. आणि दोघेही याच जिल्ह्याचे, आदिवासी विकासमंत्री. खात्याला जिल्हा नवा नव्हता, जिल्ह्याला मंत्री नवा नव्हता, तरी आर्थिक वर्षाचे जवळपास तीन महिने गेले. धडगाव-मोलगीच्या डोंगरात पावसाळ्यात रस्त्याचं काम तसंही होत नाही, म्हणून नुकसान झालं नाही असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही: मान्यता नि निविदा हीच तर पावसाळ्यात उरकायची कामं.

दुसरी अडचण खुर्च्यांची. घटनेप्रमाणे समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. नंदुरबार जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी २०२० मध्ये झाली. पाच वर्षांची मुदत संपली तेव्हा पुढची निवडणूक झालेली नव्हती. कारभार प्रशासकाकडे गेला. परिषदच नसेल तर तिचे प्रतिनिधी समितीत येणार कुठून? मग पालकमंत्री, आमदार-खासदार आणि अधिकारी एवढ्यांतच यादी ठरते, आणि अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्याचा रस्ता तीत नसला तर विचारणारा सदस्य सभागृहात नसतो.