बॅटरी बिघडली की उपाशी राहिली?



वसंत व्याख्यानमालेत स्कूटरच्या बॅटरीवर बोलायला कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता उभा राहतो, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी इंजिनिअर नाही. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात बसून आणि कारागिरांच्या शेजारी उभा राहून. परंतु कैनाड, डहाणू, तलासरी, बोईसर अशी वर्षानुवर्षे स्कूटरवरून हिंडणाऱ्याला बॅटरीची ओळख करून घ्यावीच लागते.

आधी एक प्रसंग सांगतो. कैनाडचा एक कामगार तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. पहाटे स्कूटरने डहाणू रोड स्टेशन गाठायचे, गाडी तेथे लावायची आणि लोकलने बोईसरला जायचे, हा त्याचा रोजचा क्रम. एका पावसाळ्यात सेल्फचे बटण दाबले की नुसती टकटक होऊ लागली. गॅरेजवाल्याने सांगितले, ‘बॅटरी गेली.’ नवी घातली. चार महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा नवी घातली. किक मारता मारता दोनदा लोकल चुकली, दोन खाडे पडले. तिसऱ्या वेळी तो माझ्याकडे आला. इंजिन चालू ठेवून आम्ही बॅटरीवर मीटर लावला, तर १२.१ व्होल्ट. पाच मिनिटांत उलगडा झाला. बॅटरी निर्दोष होती. तिला अन्नच मिळत नव्हते. चार्जिंगच्या तारांच्या जोडातली एक पिन जळून काळी पडली होती. जोड बदलला आणि तीच बॅटरी पुढे चालली.

हे असे का होते, ते समजून घेऊ. बॅटरी वीज निर्माण करीत नाही, साठवते. ती कणगीसारखी आहे: भात शेतात पिकतो, कणगीत राहतो. स्कूटरचे शेत म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारे चुंबक आणि त्याच्या आतली तारेची वेटोळी. मेकॅनिक लोक याला मॅग्नेट-कॉइल म्हणतात. चुंबक फिरले की तारेत वीज उत्पन्न होते, हा शोध मायकेल फॅरेडेने १८३१ साली लावला. हा फॅरेडे पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार होता. बांधणीला आलेली पुस्तके वाचून आणि १८१२ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीची जाहीर व्याख्याने ऐकून तो विज्ञानाकडे वळला. व्याख्यानमालेच्या श्रोत्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे!

कॉइलमधून येणारी वीज क्षणाक्षणाला दिशा बदलते. तशी ती बॅटरीला चालत नाही. म्हणून मध्ये रेग्युलेटर-रेक्टिफायर नावाची डबी असते. ती विजेला एका दिशेने वळवते आणि दाब मर्यादेत ठेवते. बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि पाणी घातलेले गंधकाम्ल असते. ही रचना फ्रान्समधील गास्ताँ प्लाँते याने १८५९ साली केली. एका घराचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, अशी सहा घरे मिळून साडेबारा व्होल्टच्या थोडे वर. बॅटरी बराच काळ रिकामी राहिली तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो आणि मग ती खरोखरच निकामी होते. म्हणजे उपाशी ठेवलेली बॅटरी शेवटी मरते आणि दोष तिच्याच माथी येतो.

पूर्वीच्या बऱ्याच स्कूटरना बॅटरीच नसे. दिवा थेट कॉइलवर चाले, म्हणून इंजिन मंद झाले की दिवाही मंद होई. आज सेल्फ आला. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर सतत जळतो. एप्रिल २०२० पासूनच्या नव्या स्कूटरमध्ये पेट्रोलही बहुधा विजेच्या हुकमाने फवारले जाते. बॅटरी पुरती बसली तर नुसती किक उपयोगी पडेलच असे नाही. तेव्हा तपासाची रीत प्रत्येकाला ठाऊक हवी. काहीशे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर पुरतो. तो २० व्होल्टच्या डी.सी. खुणेवर ठेवावा आणि बॅटरीला क्रमाने चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: पोटात किती आहे? रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी मोजावी. १२.६ किंवा अधिक असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी. १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. रिकामी दिसली तर लगेच फेकू नये. बाहेरून चार्ज करून, काही तास विसावू देऊन पुन्हा मोजावी.

दुसरा प्रश्न: ओझे पेलते का? भरलेल्या बॅटरीवर मीटर ठेवून सेल्फ दाबावा. काटा दहाच्या फार खाली कोसळला तर बॅटरी थकली. आकडा जेमतेम हलला आणि सेल्फही फिरला नाही, तर दोष फ्यूज, ब्रेकचा स्विच, रिले, तारा किंवा मोटर यांत शोधावा. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी इंजिनाच्या अंगावर धरून सेल्फ दाबावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले तर अर्थचा बोल्ट गंजला आहे. आमच्या डहाणूच्या खाऱ्या हवेत हे नेहमीचे आहे.

तिसरा प्रश्न: अन्न मिळते का? इंजिन चालू करून थोडा वेग द्यावा. बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ दिसले पाहिजे. आकडा बाराच्या आसपासच रेंगाळला तर चार्जिंग बंद आहे. तेव्हा आधी फ्यूज, मग जोड, मग कॉइलची वीज मीटरच्या ए.सी. खुणेवर पाहावी. वेगाबरोबर ती वाढत असेल आणि जोड व तारा नीट असतील, तर रेग्युलेटरवर संशय घ्यावा. उलट आकडा पंधराच्या पुढे गेला तर रेग्युलेटर आवरत नाही. मग बॅटरी तापते, फुगते, बल्ब उडतात. अशा गाडीत नवी बॅटरी घालणे म्हणजे तिलाही त्याच वाटेने पाठवणे.

चौथा प्रश्न: चोरी होते का? किल्ली बंद ठेवून ऋण तार काढावी आणि अँपिअरच्या खुणेवरचा मीटर तार व बॅटरी यांच्यामध्ये जोडावा. या वेळी सेल्फ दाबू नये, मीटर जळेल. काही मिलिअँपिअर दिसणे स्वाभाविक आहे. पण ५० मिलिअँपिअर गळत असतील तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. चार अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी! पुष्कळदा हा चोर नंतर बसवलेला हॉर्न किंवा दिवा असतो. त्याचा फ्यूज काढताच मीटर खाली येतो.

आणखी एक गोष्ट. घर ते बाजार एवढीच फेरी आणि त्यात चार वेळा सेल्फ, असे असेल तर खर्चलेले भरून निघायला वेळच मिळत नाही. पहिली किक पायाने मारावी, आठवड्यातून एकदा लांब चक्कर मारावी. टोकांवर जमणारी पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसून, कोरडी करून व्हॅसलीन लावावे. तार काढताना आधी ऋण, जोडताना आधी धन. चार्ज होत असलेल्या बॅटरीजवळ विडी पेटवू नये; तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

आता शेवटचे. फेकलेली बॅटरी नाहीशी होत नाही. कोठेतरी कोणीतरी ती उघड्या हातांनी फोडतो, शिसे वितळवतो. त्या धुराने त्याचे रक्त विषारी होते आणि जवळ खेळणाऱ्या त्याच्या मुलांचेही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून ती भंगारवाल्याला न देता विक्रेत्याला परत द्यावी. पण त्याहून चांगले म्हणजे, जी बॅटरी निर्दोष आहे ती बदलूच नये. त्यात कैनाडच्या कामगाराची मजुरी वाचते आणि त्या अनोळखी कामगाराची छातीही.

संघटनेत आम्ही एक नियम पाळतो: चौकशीवाचून कोणाला कामावरून काढू द्यायचे नाही. उद्या गाडी सुरू झाली नाही, तर बॅटरीलाही तेवढा न्याय द्या, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.