ढालीची निवड : आकार, घडण आणि वजन

युद्धांतून ढाल हद्दपार होऊन बराच काळ लोटला. परंतु क्रीडांगणावर ती पुन्हां अवतरली आहे. १९६६ सालीं अमेरिकेंतील बर्कली येथें कांहीं हौशी मंडळींनीं युरोपच्या मध्ययुगाचा अभ्यास व अनुकरण करण्यासाठीं ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ नांवाची संस्था काढली. तिचे सभासद अंगावर चिलखत व डोक्यावर शिरस्त्राण चढवून वेताच्या तरवारींनीं लढतात. वार पुरता लागला कीं नाहीं, हें ज्याला लागला त्यानेंच प्रामाणिकपणें सांगावयाचें. पायाला लागला तर तो पाय गेला असें मानून गुडघ्यांवर लढावयाचें, अशी तेथील परंपरा आहे. २०१० सालीं युक्रेनमधील खोतिनच्या किल्ल्यांत ‘राष्ट्रांची लढाई’ या नांवाचे सामने सुरू झाले. त्यांत हत्यारें बोथट पण पोलादी असतात, आणि जो जमिनीवर पडला तो बाद होतो. दोन्ही खेळांत नवशिक्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं ढाल कोणती घ्यावी?

सर्वसाधारण समजूत अशी, कीं ढाल जितकी मोठी तितका जीव सुरक्षित. या समजुतीची परीक्षा थोड्या गणितानें होते. १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची ६० सेंटिमीटर व्यासाची वाटोळी ढाल सुमारें २.२ किलो भरते. तोच व्यास ९० सेंटिमीटर केला तर वजन सुमारें ५ किलोंवर जातें. कारण व्यास दीडपट झाला कीं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतें. वळविण्याचे श्रम तर याहूनही झपाट्यानें वाढतात. वाढलेलें लांकूड सारें काठाकडे, म्हणजे हातापासून दूर जाऊन बसतें. त्यामुळें ढालीचा वळण्याला होणारा विरोध पांचपट होतो. पहिले दोन-चार वार अशी ढाल उत्तम अडविते. पुढें खांदा भरून येतो, कोंपर खालीं झुकतें आणि सर्वांत आधीं उघडें पडतें तें डोकें. शिरस्त्राण असलें तरी डोक्यावर वारंवार बसणारे आघात मेंदूला अपायकारकच असतात. म्हणजे अधिक रक्षणासाठीं घेतलेली ढालच अखेरीस रक्षण काढून घेते.

येथें श्रोत्यांच्या मनांत शंका येईल, कीं मग प्राचीन योद्धे मोठ्या ढाली कशा वागवीत? नॉर्वेंत गोकस्टाड येथें १८८० सालीं उत्खननांत जें जहाज निघालें, त्याच्या दोन्ही बाजूंस मिळून ६४ ढाली होत्या. त्यांचा व्यास सुमारें ९४ सेंटिमीटर. परंतु त्या पाइनच्या पातळ फळ्यांच्या होत्या. खेळाडूची ढाल आठवड्यामागून आठवडे तडाखे सोसत वर्षानुवर्षें टिकावी लागते, म्हणून ती जाड करितात. जुन्या ढालीचा व्यास उचलला आणि पातळपणा सोडला, तर नक्कल केवळ जड होते. यावर उपाय दोनच : ॲल्युमिनियमसारखा हलका पदार्थ वापरणें, अथवा माप कमी करणें.

आतां आकाराचा विचार. बायो येथील अकराव्या शतकांतील प्रसिद्ध भरतकामांत नॉर्मन स्वारांच्या हातीं पतंगासारख्या लांबट, खालीं निमुळत्या ढाली दिसतात. घोडेस्वाराचा डावा पाय झांकणें हा त्या शेंपटाचा उपयोग. पुढें पायांवरचें चिलखत सुधारत गेलें, तसतशी ढाल आंखूड होऊन त्रिकोणी बनली. इंग्लंडचा युवराज एडवर्ड, ज्याला ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणतात, तो १३७६ सालीं वारला. त्याची अशी ढाल कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्यें जतन केलेली आहे. याउलट, लीड्स येथील शस्त्रसंग्रहालयांतील सुमारें १३०० सालच्या जर्मन हस्तलिखितांत तळहाताहून थोडी मोठी ढाल पुढें धरून तरवारीचा हात राखण्याची विद्या चित्रांनीं शिकविली आहे. यांतील एकही आकार सर्वश्रेष्ठ नव्हे. रांगेंत उभें राहून भाले अडवावयाचे असतील तर लांब ढाल शेजाऱ्यासही उपयोगी पडते. एकास एक लढतींत चपळ हलणारी मध्यम ढाल बरी. गुडघ्यांवर बसावें लागेल तेथें फार लांब ढालीचें टोंक जमिनीस टेकतें, हेंही ध्यानांत ठेवावें.

मापाइतकीच मूठ महत्त्वाची. ढाल पट्ट्यांनीं बाहूस बांधली तर वजन सबंध हातावर वांटलें जातें, पण ती दूर सारतां येत नाहीं. मध्यभागीं मूठ असली तर ढाल हवी तेथें पुढें नेतां येते. मात्र काठावर वार बसतांच ती मनगटांत गरकन् फिरते. आपल्याकडील चामड्याच्या वाटोळ्या ढालीला मागें दोन मुठी व बोटांच्या सांध्यांसाठीं लहानशी गादी असे. आघात हातापर्यंत पोंचूं नये, हीच त्यांतील दृष्टि. फरी-गदग्याच्या खेळांतील फरी लहान व हलकी, ती याचसाठीं, कीं तेथें हाताची चपळाई शिकावयाची असते.

ढाल करण्यापूर्वीं पुठ्ठ्याचा नमुना कापावा. नेहमींच्या पवित्र्यांत उभें राहून तो धरावा. रुंदी खांद्यांहून फारशी जास्त नसावी. वरचा काठ हनुवटीजवळ यावा, डोळ्यांवर येऊं नये. लांबट ढालीचें खालचें टोंक गुडघ्याच्या थोडें वर राहावें. मग नमुन्याला इच्छिलेलें वजन बांधून एका लढतीइतका वेळ वार व बचाव करून पाहावा. तेवढ्या वेळांत काठ छातीखालीं घसरला तर वजन कमी करावें. अखेरीस कडेला चामडें किंवा रबर लावावें. उघड्या कडेनें प्रतिस्पर्ध्याचा हात दुखावतो आणि वेताचीं हत्यारेंही लवकर फाटतात. दुकानांत शोभणाऱ्या ढालीपेक्षां लढतीच्या शेवटच्या क्षणींही जागेवर राहणारी ढाल हीच खरी मोठी ढाल होय.